'बिली लायर' पूर्ण रुंदीत पाहायला हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ब्रिटिश चित्रपटांवर आलेल्या टिपणात 'बिली लायर'ला जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. १९६३ सालचा हा कृष्णधवल चित्रपट मराठीत क्वचितच चर्चेला येतो. मात्र त्या टिपणातल्या तीन गोष्टी अशा आहेत, की त्या वाचून कोणी चित्रपट मिळवून पाहिला, तर तो चुकीच्या अपेक्षेने आणि बहुधा चुकीच्या प्रतीत पाहील. टिपणात लांबी ९४ मिनिटे दिली आहे. सोबतचे छायाचित्र जवळजवळ चौकोनी आहे. आणि 'नायक ऐनवेळी कच खातो, त्यामुळे शेवट फसतो' असे मत दिले आहे. या तिन्हींचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी लांबी. मूळ चित्रपट ९८ मिनिटांचा आहे. ९४ मिनिटांच्या प्रतीत एकही दृश्य गाळलेले नाही, ती नुसती वेगाने पळते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रित होतो. युरोपातली पाल पद्धतीची दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चौकटी दाखवते. जुन्या पाल डीव्हीडी बनवताना सोपा मार्ग म्हणून चित्रपट सरळ २५च्या वेगाने चालवत. ९८ला २४ने गुणून २५ने भागले की ९४ येतात. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि स्वर दुरुस्त केलेला नसेल तर तोही सुमारे पाऊण अर्धस्वराने चढतो. एखाद्या हाणामारीच्या चित्रपटात हे लक्षातही येणार नाही. इथे येते. थापाड्या नायक बिलीची भूमिका करणाऱ्या टॉम कोर्टने याचे सगळे काम बोलण्याच्या लयीवर उभे आहे. थाप मारण्याआधी तो अर्धा क्षण थांबतो, त्या थांबण्यातच ती थाप तयार होताना आपल्याला दिसते. तो अर्धा क्षण आखडला की बिली नुसता चुरचुरीत बोलणारा पोरगा वाटू लागतो आणि टिपणात आला आहे तसा 'खुसखुशीत' हा शब्द सुचतो.

आता छायाचित्र. छायालेखक डेनिस कूप यांनी हा चित्रपट सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत टिपला. उंची १ धरली तर रुंदी २.३५. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा १.३३ रुंदीचा असे. त्यावर चित्र पूर्ण उंचीने बसवायचे, तर रुंदीतला ४३ टक्के भाग टाकून द्यावा लागतो. हल्लीच्या १६:९ पडद्यावर 'काळ्या पट्ट्या नकोत' म्हणून चित्र ताणून मोठे केले, तरी जवळजवळ चौथा हिस्सा जातोच. आणि नुकसान कडा जाण्यापुरते राहत नाही. टोकाला उभी असलेली दोन माणसे बोलत असतील, तर चौकोनी प्रत बनवणारा तंत्रज्ञ आधी एकाला दाखवतो, मग तुकडा पाडून दुसऱ्याला. म्हणजे दिग्दर्शकाने जिथे कॅमेरा स्थिर ठेवला होता, तिथे नवेच 'कट' घुसतात.

या चित्रपटात हे सर्वांत जास्त जाचते, कारण इथे कटला अर्थ आहे. बिली फिशर हा उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या एका औद्योगिक शहरातला तरुण. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या 'शॅड्रॅक अँड डक्सबरी' या पेढीत कारकून. मनात त्याने अँब्रोशिया नावाचा देश वसवला आहे. त्या देशाचा तो सेनापती, नेता, सर्वस्व. पडद्यावर मनोराज्य दाखवायचे म्हटले की चित्र थरथरते, धूसर होते, वीणा झंकारते आणि प्रेक्षकाला आधीच सूचना मिळते की आता स्वप्न सुरू. दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर यांनी यातले काही केले नाही. सकाळी टेबलावर वडील करवादत आहेत, एक कट, आणि गणवेशातला बिली मशिनगन चालवून सगळ्या कुटुंबाला आडवे करतो. पुन्हा कट, आणि वडील करवादतच आहेत. स्वप्न आणि वास्तव यांचा प्रकाश एक, करडा रंगही एकच. दोहोंमध्ये भिंत म्हणून फक्त तो कट आहे. त्या भिंतीशेजारी कोणा तंत्रज्ञाने आणखी चार भिंती उभ्या केल्या, तर खरी कुठली ते कळणार कसे?

हे स्वप्नांचे प्रकार नीट पाहण्यासारखे आहेत. मूळ कादंबरी कीथ वॉटरहाउस यांची, १९५९ची. लीड्समध्ये वाढलेल्या वॉटरहाउस यांनी तरुणपणी स्वतः अशाच एका पेढीत कारकुनी केली होती. कादंबरीतला बिली आपल्या विचारांचे दोन क्रमांक पाडतो. पहिल्या क्रमांकाचे म्हणजे मुद्दाम, मजेसाठी रचलेले. दुसऱ्या क्रमांकाचे म्हणजे भीतीतून आपोआप येणारे आणि न थांबणारे. पुढच्या वर्षी वॉटरहाउस आणि विलिस हॉल यांनी त्याचे नाटक केले. लंडनच्या केंब्रिज थिएटरमध्ये, लिंडसे अँडरसन यांच्या दिग्दर्शनात, ते अल्बर्ट फिनीने गाजवले आणि पुढे ती भूमिका कोर्टनेकडे आली. नाटक फिशर कुटुंबाच्या घरात आणि अंगणात घडते, तिथे अँब्रोशिया फक्त बोलण्यातून कळणार. पटकथाही याच दोघांनी लिहिली आणि तिथे त्यांनी अँब्रोशिया प्रत्यक्ष उभा केला: मिरवणूक, ध्वज, जयघोष करणारी गर्दी आणि त्या देशात निरनिराळ्या रूपांत खुद्द बिलीच.

आमच्या मते या स्वप्नांतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्यांत काय नाही ही. बिलीला लंडनला जाऊन विनोदी लेखक व्हायचे आहे. डॅनी बून या विनोदवीराने आपल्याला काम देऊ केले आहे, असे तो सगळ्यांना सांगत सुटतो. कादंबरी लिहिण्याचाही बेत आहे. पण आपण टेबलाशी बसून लिहीत आहोत, खोडत आहोत, पुन्हा लिहीत आहोत, असे स्वप्न त्याला पडत नाही. त्याच्या मनात पुस्तक लिहून झालेले असते, तुरुंगाचा गव्हर्नर त्याची वाहवा करत असतो. सत्ता, सत्कार आणि सूड याभोवतीच त्याचे मन घोटाळते. हे एकदा ध्यानात आले, की शेवटच्या प्रसंगाची तयारी पहिल्या पाच मिनिटांपासूनच चालू होती हे दिसते.

गणवेशाचाही संदर्भ आहे. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करी भरती १९६०च्या अखेरीस थांबली आणि सक्तीने भरती झालेला शेवटचा सैनिक मे १९६३मध्ये घरी परतला. चित्रपट झळकला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेली, युद्धाच्या कथा ऐकत वाढलेली, पण स्वतः कधी बंदूक हाती न घेतलेली अशी ही पहिली पिढी. बापाच्या पिढीकडे सांगायला युद्ध होते. बिलीकडे कॅलेंडरे आहेत.

ती कॅलेंडरे म्हणजे या गोष्टीचा खरा खुंटा. पेढीने ग्राहकांना टपालाने पाठवण्यासाठी दिलेली कॅलेंडरे बिलीने पाठवलीच नाहीत, टपालाचे पैसे खर्च करून टाकले. आता ती लपवायची कुठे, नष्ट कशी करायची, हा घोर. तो ती कचेरीच्या संडासात टाकून पाणी ओढू पाहतो. जाड कागद वाहून जाईल कसा? विनोदी प्रसंग आहे, प्रेक्षक हसतात, पण इथे फौजदारी गुन्हा आहे आणि शॅड्रॅक तो विसरणार नाही. लेनर्ड रॉसिटर यांनी शॅड्रॅकचा कोरडा, खालच्या आवाजातला धाक असा उभा केला आहे, की हसता हसता पोटात गोळा येतो. तीच गत साखरपुड्याची. दोन मुलींशी लग्न ठरवले आहे आणि अंगठी एकच. सतत संत्री खाणाऱ्या सालस बार्बराकडून ती 'सैल आहे, सराफाकडून दुरुस्त करून आणतो' म्हणून परत घ्यायची आणि उपाहारगृहात वाढपी असलेल्या फटकळ रिटाच्या बोटात घालायची. कादंबरीत तर आईने रेडिओवरच्या फर्माइशी कार्यक्रमाला लिहिलेले पत्रही त्याने टपालात टाकलेले नाही. पाठवायच्या वस्तू न पाठवणे हा त्याचा स्थायीभाव आहे.

त्या रेडिओ कार्यक्रमाविषयी थोडेसे, कारण हल्लीच्या प्रेक्षकाला तो संदर्भ लागत नाही. चित्रपटाची सुरुवात होते ती बीबीसीच्या 'हाउसवाइव्ज चॉइस' या सकाळच्या फर्माइशी कार्यक्रमाने. निवेदक गॉडफ्रे विन स्वतःच्याच भूमिकेत आहेत आणि कॅमेरा एकसारख्या घरांच्या रांगांवरून फिरतो. आपले नाव रेडिओवर ऐकू येईल म्हणून घराघरात बायका कान देऊन आहेत. स्वप्नात रमणारा बिली एकटा नाही, हे दिग्दर्शकाने श्रेयनामावलीतच सांगून टाकले आहे. म्हणून श्रेयनामावली चालू असताना दिवे लावलेले ठेवू नयेत.

चित्रीकरण मुख्यतः ब्रॅडफर्डमध्ये झाले. त्या काळात ते शहर स्वतःच स्वतःला पाडून नव्याने बांधत होते. व्हिक्टोरियन काळातली तिथली 'स्वान आर्केड' ही दुकानांची प्रसिद्ध इमारत १९६२मध्ये जमीनदोस्त झाली. चित्रपटात पडणाऱ्या भिंती, धूळ आणि नव्या काँक्रीटच्या इमारती दिसतात, त्यांतला बराचसा भाग सेट नव्हे, खरे शहर आहे. श्लेसिंजर माहितीपटांतून आलेले. १९६१मध्ये त्यांनी लंडनच्या वॉटर्लू स्थानकातल्या एका दिवसावर गाजलेला माहितीपट केला होता. रस्ता, गर्दी आणि रेल्वे स्थानक यांच्याकडे कसे पाहायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. 'बिली लायर'सुद्धा एकाच दिवसाची गोष्ट आहे आणि ती मध्यरात्री स्थानकावर येऊन पोहोचते.

याच शहरातून बिलीची मैत्रीण लिझ, म्हणजे ज्युली क्रिस्टी, पर्स झुलवत चालत येते. चित्रपटात ती थोडाच वेळ आहे. आधी या भूमिकेसाठी टॉप्सी जेन या अभिनेत्रीची निवड झाली होती. ती आजारी पडल्याने क्रिस्टीला घेतले गेले. आसाममधल्या चबुआ इथे जन्मलेल्या या अभिनेत्रीला दोनच वर्षांनी आलेल्या श्लेसिंजर यांच्याच दुसऱ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. तिच्या चालण्याच्या त्या प्रसंगात संवाद नाही. रिचर्ड रॉडनी बेनेट यांचे संगीत, दुकानांच्या काचा, वाहने आणि मधून वाट काढणारी, कुणाची पर्वा नसलेली मुलगी. चौकोनी प्रतीत मधली मुलगी उरते आणि दोन्ही बाजूंचे शहर जाते. मग ती नुसती सुंदर दिसते. पूर्ण रुंदीत पाहिले तर ज्या गर्दीतून बिलीला बाहेर पडायचे आहे, त्याच गर्दीतून ती सहज निघून जाते आहे, हे दिसते.

आता शेवट, ज्यावर टिपणकर्त्याने रोष धरला आहे. (ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) त्या रात्री आजी इस्पितळात वारली आहे. आईला मुलगा घरी हवा आहे. तरी बिली सूटकेस घेऊन स्थानकावर येतो, लिझबरोबर लंडनच्या गाडीत बसतोही. मग दूध आणतो म्हणून उतरतो. फलाटावरच्या यंत्रात नाणे टाकून दूध घेतो आणि रेंगाळतो. इतका रेंगाळतो की गाडी सुटते. मग धावतो, पण गाडी मिळण्यासाठी नव्हे. आणि फलाटावर त्याची सूटकेस ठेवलेली असते. लिझने ती आधीच खाली उतरवलेली आहे. खिडकीतून ती बघते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नसतो. तिला तो कळला होता. याला 'ऐनवेळी कच खाणे' म्हणणे आम्हाला पटत नाही. दिवसभर त्याने एकही गोष्ट पूर्ण केलेली नाही, मग हीच कशी करेल? शिवाय घरी परत जाण्यात आजीचा मृत्यू आणि एकटी आईही आहे. तो भित्रेपणाने परतला की मायेने, याचा निवाडा चित्रपट करत नाही आणि ते त्याचे बळ आहे. रिकाम्या रस्त्यावरून तो घराकडे निघतो, मागून अँब्रोशियाची सेना पावले टाकत येते. लिझ खरी होती, तिची गाडी खरी होती, तरी त्याने सेना निवडली. यापेक्षा खरा शेवट आम्हाला सुचत नाही.

चित्रपट मंडळांत किंवा घरी हा चित्रपट दाखवणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो. आधी प्रतीची लांबी पाहा. ९८ मिनिटे असेल तर वेग योग्य आहे. मग प्रक्षेपक किंवा टीव्हीची चित्ररचना 'मूळ प्रमाण' यावर ठेवा. 'झूम', 'भरून दाखवा', 'ताणा' असले पर्याय बंद करा. १६:९ पडद्यावर वर आणि खाली प्रत्येकी सुमारे १२ टक्के उंचीची काळी पट्टी दिसलीच पाहिजे. पडदा ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच असेल, तर चित्र साधारण ३ फूट ५ इंच उंच येईल आणि दोन्ही पट्ट्या साडेसहा साडेसहा इंचांच्या होतील. प्रक्षेपकाचा काळा रंग प्रत्यक्षात करडा असतो, त्यामुळे त्या पट्ट्या चमकत राहतात आणि डोळ्यांना चित्रातला काळा फिका वाटतो. तेवढ्या रुंदीचे काळे कापड वर-खाली लावले की हा दोष जातो. हा खर्च अगदी किरकोळ आहे आणि फरक मोठा आहे. माणसे काटकुळी दिसत असतील तर सिनेमास्कोपमध्ये फितीवर आडवे दाबून टिपलेले चित्र पुन्हा पूर्ण रुंदीत उलगडलेले नाही असे समजावे. चित्रातली एखादी गोल वस्तू शोधावी, ती अंडाकृती असेल तर प्रमाण चुकले.

कृष्णधवल चित्र निळसर किंवा गुलाबी दिसते अशी तक्रार नेहमी येते. लोक रंगाची मात्रा शून्यावर नेतात आणि काही बदलत नाही. कारण झाक चित्रातल्या रंगाची नसते, पडद्याच्या पांढऱ्याची असते. ती 'रंगतापमान' बदलून जाते. 'उबदार' किंवा 'सिनेमा' ही निवड ६५०० केल्विनच्या जवळ असते. 'व्हिव्हिड' सारख्या निवडी टाळा. त्यांत उत्तर इंग्लंडचे ढगाळ आभाळ पांढरेफटक होते आणि गडद कोटांच्या घड्या काळ्यात बुडतात. टीव्हीमधली हालचाल गुळगुळीत करणारी सोय तर न विसरता बंद करावी. ती दोन चौकटींमध्ये आपल्या मनाने नव्या चौकटी घालते आणि कटाची धार बोथट करते.

ध्वनी एकपदरी (मोनो) आहे. तो मधल्या एका स्पीकरमधून यावा, किंवा दोन्हीकडून समान. 'हॉल', 'स्टेडियम' असले कृत्रिम घुमारे दिले, तर फिशरांच्या घरातली एकावर एक चढणारी बोलणी कालवल्यासारखी ऐकू येतात. उच्चार यॉर्कशरचे आहेत, तेव्हा इंग्रजी चांगले येणाऱ्या प्रेक्षकांसाठीही इंग्रजी उपशीर्षके लावावीत. कोण कसे बोलते याला इथे महत्त्व आहे. वडिलांची भूमिका करणारे विल्फ्रेड पिकल्स हे युद्धकाळात बीबीसीवर यॉर्कशर वळणाने बातम्या वाचल्यामुळे देशभर ओळखीचे झालेले गृहस्थ. बिलीच्या स्वप्नातले आईवडील मात्र उच्चभ्रू घरातल्यासारखे बोलतात. माळावर म्हातारा डक्सबरी भेटतो तिथे बिलीची नक्कल करण्याची खोड कुठवर जाते, तेही कानानेच कळते. १६:९ पडद्यावर उपशीर्षके खालच्या काळ्या पट्टीत बसवता येतात आणि चित्र मोकळे राहते. मात्र काळे कापड लावणार असाल तर ती चित्राच्या आत घ्यावी लागतील, हे आधी तपासा, नाहीतर प्रयोग सुरू झाल्यावर अक्षरे कापडावर पडतील.

मध्यंतर करू नये. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बिलीभोवतीचा फास आवळत जातो, तो मध्ये दहा मिनिटांच्या चहाने सैल पडतो आणि नृत्यगृहातला प्रसंग, जिथे सगळ्या थापा एकाच वेळी अंगावर येतात, थंड होतो.

आपल्याकडे विनंती एवढीच, की पुरवणीच्या पुढच्या अंकात लांबीची दुरुस्ती छापावी आणि या मालिकेत सिनेमास्कोप चित्रपटांची छायाचित्रे दोन स्तंभांच्या रुंदीत, कडा न कापता द्यावीत. एका स्तंभात बसवायचेच असेल, तर उंची कमी करावी, रुंदी नव्हे.

आपले,
काही चित्रपटप्रेमी वाचक